दप्तर कुणाच्या घरी?

सांगलीतल्या एका पतसंस्थेत वसुलीचे काम पाहणाऱ्या एक लेखनिक ताई रोज संध्याकाळी घरी जाताना पर्समधून एक पेन ड्राइव्ह नेत असत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्यामुळे त्यांना साडेपाचच्या पुढे थांबता येत नसे आणि थकीत कर्जदारांच्या नोटिसा तर वेळेवर निघायलाच हव्यात. म्हणून कार्यालयाच्या शेअर्ड फोल्डरमधली कर्जखात्यांची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, मिरजेला घरी स्वयंपाक उरकल्यावर लॅपटॉपवर काम करायचे आणि सकाळी तीच फाइल परत सर्व्हरवर टाकायची, असा त्यांचा नेम होता. व्यवस्थापकांना हे ठाऊक होते, किंबहुना त्यांनीच ते सुचवले होते. पेन ड्राइव्ह हरवू नये म्हणून ताईंनी तो हळदीकुंकवाच्या एका रिकाम्या करंड्यात ठेवला होता. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणता येणार नाही. तरीही एका पावसाळी संध्याकाळी वडापच्या जीपमधून उतरताना पर्सची चेन उघडी राहिली आणि करंडा गेला तो गेलाच. त्यात हजारो कर्जदारांची आणि त्यांच्या जामीनदारांची नावे, पत्ते, आधार व पॅन क्रमांक आणि थकबाकीचे आकडे होते. ताईंना दोन रात्री झोप लागली नाही. संस्थेने कुठेही नोंद केली नाही, आणि ज्यांची माहिती हरवली त्यांना आजपर्यंत कुणी काही कळवलेले नाही.

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातल्या छोट्या कार्यालयांत नेटवर्क बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी करतो. त्या घटनेनंतर मला तिथे बोलावण्यात आले ते, घरून फाइल उघडता येईल असे काहीतरी करून द्या, हे सांगण्यासाठी. तेव्हापासून अशी बरीच कार्यालये मी आतून पाहिली आहेत: कर सल्लागारांची, अडत दुकानांची, दवाखान्यांची, शिक्षणसंस्थांची. माझे मत आता पक्के झाले आहे. ज्या कार्यालयात लोकांचे कागद सांभाळले जातात, तिथे घरून काम करण्याची सोय कर्मचाऱ्याने आपापली जमवून घ्यायची नसते. ती संस्थेने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या यंत्रावर, कोण केव्हा आत आले याच्या नोंदीसह उभी केली पाहिजे, आणि ती तशी उभी आहे की नाही हे दरवर्षी लेखापरीक्षणात तपासले गेले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या मुलखाला जुना आहे. गावचा महसुली हिशोब पिढ्यानपिढ्या वतनदार कुलकर्ण्याकडे असे, आणि ते दप्तर, म्हणजे रुमालात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, कित्येक गावांत त्याच्या राहत्या घरातच असत. आपली जमीन कोणाच्या नावावर आहे, किती सारा भरला आणि किती राहिला, हे जाणून घ्यायला रयतेला त्या घराची पायरी चढावी लागे. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, पगारी तलाठ्याची पद्धत रुजली आणि दप्तर सरकारचे झाले. त्या बदलाचे महत्त्व वतन गेले एवढ्यापुरतेच आपण सांगतो. माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट ही की दप्तर आणि दप्तर लिहिणारा माणूस वेगळे झाले. माणसाची बदली झाली, तो निवृत्त झाला, त्याचे कुणाशी वाकडे आले, तरी दप्तर जागेवर राहू लागले. पेन ड्राइव्ह, व्हॉट्सॲप आणि कर्मचाऱ्यांचे खासगी ई-मेल यांच्या वाटेने तेच दप्तर आज आपण पुन्हा घरोघरी पोहोचवले आहे, आणि ते किती घरांत आहे याचा हिशोब कुठल्याच संस्थेकडे नाही.

घरी बसून कार्यालयातील फाइल उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एकात फाइल माणसाकडे येते, दुसऱ्यात माणूस फाइलकडे जातो. पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप हा पहिला मार्ग. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या जाळ्यात जाणारी खासगी वाट, हा दुसरा. कार्यालयातला राउटर किंवा एखादा छोटा संगणक बाहेरून येणाऱ्याची ओळख तपासतो, ओळख पटली की घरच्या लॅपटॉपला कार्यालयाच्या जाळ्यातला एक पत्ता देतो, आणि दोघांमधली सगळी ये-जा कुलूपबंद म्हणजे सांकेतिक रूपात होते. त्यानंतर घरचा लॅपटॉप कार्यालयातल्या टेबलावर असल्यासारखा वागतो. तोच झेड ड्राइव्ह (शेअर्ड फोल्डर संगणकावर या नावाने दिसते), तेच फोल्डर, त्याच परवानग्या. ज्याला कार्यालयात पगारपत्रकाचे फोल्डर उघडत नाही त्याला ते घरूनही उघडत नाही. एकाने फाइल उघडली असेल तर दुसऱ्याला ती फक्त वाचण्यासाठी मिळते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'ताळेबंद फायनल', 'ताळेबंद फायनल २' आणि 'ताळेबंद फायनल नवीन' या तीन फाइलींतली खरी कोणती, हे ३० सप्टेंबरच्या आदल्या रात्री शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत. एक फाइल एकाच जागी असणे याची किंमत त्यांना विचारावी.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो संचालक मंडळांच्या बैठकांत हटकून पुढे येतो. मोबाइलवर जाहिरात दिसते ते व्हीपीएन आणि कार्यालयाचे स्वतःचे व्हीपीएन या निराळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीतल्या सेवेत आपली रहदारी एखाद्या परक्या कंपनीच्या यंत्रावरून जाते आणि आपला ठावठिकाणा झाकला जातो. अशा सेवांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी, असा आदेश सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढला, त्यावर बराच वाद झाला, आणि काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. त्या वादामुळे व्हीपीएन म्हणजे काहीतरी लपूनछपून करण्याचे साधन, अशी समजूत झाली. एका अध्यक्षांनी मला सरळ विचारले होते की हे कायदेशीर आहे ना. संस्थांनी आपल्या अंतर्गत कामासाठी उभारलेल्या व्हीपीएनला ती पाच वर्षांची अट लागू नाही, असा खुलासा सर्ट-इनने नंतर केला आहे. कार्यालयाचे व्हीपीएन कुणाला लपवत नाही. उलट कोणत्या नावाने, कोणत्या वेळी, कोण आत आले याची ते नोंद ठेवते.

घरून फाइल उघडण्यासाठी व्हीपीएन कशाला, राउटरवर एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकाचे दार, उघडले की झाले, असे सांगणारे कारागीर आमच्या व्यवसायात आहेत. सोपे आहे हे खरे, आणि म्हणूनच घातक आहे. मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीत मालकांना घरी बसून बिले पाहायची होती, म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून संगणकाचा पडदा पाहून तो चालवण्याच्या सोयीचे, ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून ठेवले होते. पासवर्ड पेढीचे नाव आणि पुढे १२३ असा. जगभरात असे उघडे पोर्ट हुडकत फिरणारी यंत्रे चोवीस तास चालू असतात. त्यांना पेढी सांगलीत आहे की सिंगापुरात याच्याशी देणेघेणे नसते. एका सोमवारी सकाळी मुनीमजींनी संगणक लावला तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलेले होते आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला कायम जोडलेली, त्यामुळे तीही गेली. पुढचे तीन आठवडे काट्याच्या पावत्या आणि पट्ट्यांच्या कार्बन प्रतींवरून हिशोब पुन्हा भरण्यात गेले. त्या काळात सौद्यासाठी माल लावलेले शेतकरी दारात येऊन उचल किती, बाकी किती विचारत होते आणि पेढीकडे उत्तर नव्हते. एका पेढीचे खासगी नुकसान म्हणून ते सोडून देता येत नाही, ते याच कारणाने.

शेअर्ड फोल्डरचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट असे बाहेर उघडणे तर त्याहून वाईट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर जो हाहाकार माजवला तो विंडोजच्या याच फाइल-देवाणघेवाणीच्या व्यवस्थेतील दोषातून, आणि त्या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांना भोगावे लागले. कार्यालयाचे अंतर्गत जाळे हे घराचे माजघर आहे. तिथे आपण मोकळेपणाने वावरतो, कपाटांना कुलपे लावत नाही. माजघराचे दार रस्त्यावर उघडायचे नसते. ओसरी ओलांडून, ओळख सांगून आत यायचे असते.

आता व्हीपीएनची दुसरी बाजू. ते बसवले आणि सगळे सुरळीत झाले, असे होत नाही, आणि ज्यांना तसे सांगून विकले जाते ते महिन्याभरात वैतागून पेन ड्राइव्हकडे परततात. त्या वसुलीच्या ताईंचा पहिल्याच रात्री फोन आला: "दादा, हिरवा दिवा लागलाय, जोडलंय म्हणतंय, पण झेड ड्राइव्ह काही उघडत नाही." कार्यालयाच्या जाळ्यातले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते आणि त्यांच्या घरच्या राउटरचेही तेच. बाजारातले बहुतेक राउटर कारखान्यातून असेच येतात. लॅपटॉप सर्व्हरला शोधत होता तो त्यांच्या स्वयंपाकघरातच. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातले सगळे पत्ते बदलून तिसरा आकडा ५७ केला. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती, तो आकडा सांगलीत कुणालाच विसरता येत नाही आणि कुणाच्या घरच्या राउटरवर तो सहसा नसतो. कार्यालयात सर्व्हर नावाने सापडतो तो एकाच जाळ्यातल्या हाकाटीमुळे, आणि ती हाक व्हीपीएनमधून पलीकडे जात नाही. म्हणून ड्राइव्ह नावाऐवजी आकडी पत्त्याने जोडावा लागतो. या दोन गोष्टी आधीच नीट केल्या तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

उरलेल्या तक्रारी संथपणाच्या असतात, आणि तिथे मात्र आपल्याला थोडे खोलात जायला हवे, कारण "आमच्याकडे एवढा वेगवान फायबर आहे, मग फाइल उघडायला वेळ का लागतो" हा प्रश्न रास्त आहे. शेअर्ड फोल्डरची भाषा फार बोलकी आहे. एक फाइल उघडायची तर लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात शेकडो वेळा विचारणा होते: फोल्डर आहे का, परवानगी आहे का, फाइल केवढी, कुणी उघडली आहे का, पहिला तुकडा दे, दुसरा दे. कार्यालयात अशा एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो असे धरले तर तीनशे फेऱ्या डोळ्याची पापणी लवण्याआत होतात. घर मिरजेत आणि कार्यालय सांगलीत, अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्यांमधली रहदारी अनेकदा पुण्या-मुंबईला वळसा घालून येते, आणि एका फेरीला चाळीस मिलिसेकंद लागले तर त्याच तीनशे फेऱ्यांना बारा सेकंद होतात. इथे वेग वाढवून उपयोग नाही, कारण वेळ जातो तो हेलपाट्यांत. शिवाय घरी उतरणारी फाइल म्हणजे कार्यालयातून चढणारी फाइल; कार्यालयाच्या जोडणीचा चढता वेग किती, हे जोडणी घेताना सहसा कुणी विचारत नाही.

वर्डची पत्रे, एक्सेलचे तक्ते, स्कॅन केलेले कागद इथपर्यंत शेअर्ड ड्राइव्ह व्हीपीएनवरून चालतो. टॅलीचा डेटा किंवा जुन्या पद्धतीचे हिशोबाचे सॉफ्टवेअर मात्र असे दुरून उघडू नये, हे मी स्पष्ट सांगतो. लिहिणे अर्धवट असताना जोडणी तुटली तर डेटा खराब होण्याचा धोका असतो. अशा कामासाठी आधी व्हीपीएनने आत यायचे आणि मग कार्यालयातल्याच संगणकाचा पडदा रिमोट डेस्कटॉपने घरी आणायचा, हा मार्ग बरा. त्यासाठी त्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीत ती सोय नसते. यात एक फायदा असा की फाइल खरोखरच कार्यालयाबाहेर पडत नाही. शेअर्ड ड्राइव्हवरून फाइल उघडली तरी ती ओढून घरच्या डेस्कटॉपवर टाकणे शक्य असते. पडदा आणला आणि दोन यंत्रांमधली फाइल-देवघेव बंद ठेवली तर घरी येते ते फक्त चित्र. वसुलीच्या ताई आता असेच काम करतात.

व्हीपीएनचे कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ल्या कुणाकडे आहेत हे पाहावे लागते, आणि या बाबतीत आपल्या संस्था फार ढिल्या आहेत. 'ऑफिस' या एकाच नावाचे लॉगिन सहा जण वापरतात, तेव्हा नोंदवहीत सहाही जण एकच असतात. एका कार्यालयात यादी तपासताना दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाचे लॉगिन चालू सापडले. त्याने ते कधीच वापरले नव्हते, तो भला मुलगा होता. पण त्याचा जुना लॅपटॉप त्याने विकला होता आणि पासवर्ड त्यात साठवलेला होता. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीला काही दिवस पुरवठा थांबवावा लागला, तो अशाच एका वापरात नसलेल्या पण बंद न केलेल्या, केवळ पासवर्डवर चालणाऱ्या व्हीपीएन खात्यातून हल्लेखोर शिरल्यामुळे. म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे लॉगिन, त्यावर मोबाइलवरचा सहा आकडी कोड, आणि कार्यमुक्तीच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी लॉगिन बंद झाल्याची नोंद, एवढे तरी हवेच. जुन्या राउटरवर पीपीटीपी नावाची पद्धत अजून चालू दिसते. तिची ओळख तपासण्याची रीत २०१२ मध्येच मोडता आली आहे, तिला व्हीपीएन म्हणून मानू नये. ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड या पद्धती फुकट आहेत, खुल्या आहेत, आणि छोट्या कार्यालयाला पुरून उरतात. खर्च येतो तो स्टॅटिक आयपीचा (म्हणजे इंटरनेटवरच्या स्वतःच्या, न बदलणाऱ्या पत्त्याचा), बऱ्यापैकी राउटरचा आणि माणसाच्या काही तासांचा. स्टॅटिक आयपी एवढ्यासाठी की आपल्याकडच्या पुष्कळ जोडण्यांत एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि मग बाहेरून येणाऱ्याला कार्यालय सापडतच नाही.

सांगलीत राहून यंत्रांचा विचार करायचा तर नदीला वगळता येत नाही. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे आणि पाणी त्याच्या किती वर गेले हे गावभागातल्या भिंती सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी दोघा मित्रांबरोबर एका कर सल्लागाराचा सर्व्हर हळदीच्या रिकाम्या पोत्यात बांधून, गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेला होता. पोत्यातली हळद पंख्यातून आत गेली आणि पुढे कित्येक महिने ते यंत्र उघडले की पिवळी धूळ दिसायची. तो सर्व्हर वाचला. शेजारच्या दोन कार्यालयांचे वाचले नाहीत. दप्तर एका जागी ठेवावे असे म्हणणाऱ्याने, ती जागा पाण्याखाली गेली तर काय, याचेही उत्तर दिले पाहिजे. माझे उत्तर असे की चालते दप्तर एकाच जागी, तळमजल्याच्या वर, आणि त्याची रोजची प्रत पुराच्या रेषेबाहेर दुसऱ्या जागी. पण ती प्रत कुलूपबंद हवी आणि किल्ली प्रत ठेवणाऱ्याकडे नसावी. तसे केले नाही तर दप्तर पुन्हा कुणाच्या तरी घरी गेलेच. पुराच्या आठवड्यात कार्यालयाचे दार उघडता येत नसताना त्या प्रतीवरून काम सुरू ठेवता आले पाहिजे, आणि ते येते का हे मे महिन्यात, आभाळ स्वच्छ असताना, एकदा करून पाहावे.

एक साधी गोष्ट इथेच सांगतो, कारण तिने मला सर्वांत जास्त चकरा मारायला लावल्या आहेत. आपल्याकडे दुकान-कार्यालय बंद करताना मेन स्विच खाली ओढायची सवय आहे. शॉर्टसर्किटची भीती असते आणि ती खोटी नाही. शिपाई नेमाने स्विच ओढतो आणि रात्री आठनंतर व्हीपीएन मुकाट होते. सर्व्हर आणि राउटरसाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि यूपीएस ठेवला, आणि त्या शिपायाला कारण समजावून सांगितले, तर हे लगेच सुटते. बैठकीत मात्र चर्चा सॉफ्टवेअरवर होते आणि शिपायाला कुणी बोलावत नाही.

आता मूळ मागणीकडे येतो. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची चौकट घालून दिली. बँकेचा डिजिटल पसारा जेवढा मोठा तेवढ्या अटी कडक. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे ती चौकट त्यांना लागू नाही. एकाच रस्त्यावर बँक आणि पतसंस्था शेजारी शेजारी असतात, एकाच कुटुंबाच्या ठेवी दोन्हीकडे असतात, तोच आधार क्रमांक दोन्हीकडे दिलेला असतो. आणि घरून कर्जखाते उघडणाऱ्या लेखनिकाबद्दल एकीकडे नियम आहे, दुसरीकडे व्यवस्थापकाची मर्जी. केंद्राचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र दोघांनाही लागू आहे. माहितीच्या सुरक्षेचे वाजवी उपाय न करणाऱ्याला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत माहिती कोणाला उघडता येईल यावर नियंत्रण, नोंदी आणि बॅकअप यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सुरक्षेच्या या जबाबदाऱ्या अमलात आणण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. सायबर घटना घडली तर ती सहा तासांत सर्ट-इनला कळवावी आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, हे २०२२ च्या आदेशातच आहे. दिल्लीत झालेले हे कायदे सांगलीच्या एखाद्या पेठेतल्या चार टेबलांच्या संस्थेपर्यंत पोहोचणार कसे? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ खाली दरवर्षी लेखापरीक्षण होते, लेखापरीक्षक रोकड मोजतो, तारण सोन्याच्या पिशव्या पाहतो. त्याच भेटीत त्याने दूरस्थ प्रवेशाच्या लॉगिनची यादी मागावी आणि ती हजेरीपटाशी ताडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते करण्यासाठी त्याला संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही.

यावर आक्षेप येतात. हे सगळे कशाला, फाइली क्लाउडवर ठेवा, असे तरुण मंडळी म्हणतात, आणि पाच माणसांच्या, फक्त पत्रे आणि तक्ते हाताळणाऱ्या कार्यालयाला मी स्वतः तोच सल्ला देतो. पण ते खाते संस्थेच्या नावाने, संस्थेच्या डोमेनवर असले पाहिजे. प्रत्यक्षात मी पाहतो ते हे की एखाद्या हुशार लेखनिकाच्या खासगी जीमेलवर संस्थेचे सगळे फोल्डर असते, आणि त्याने नोकरी सोडली की संस्था त्याच्या विनवण्या करते. कुलकर्ण्याच्या घरातल्या रुमालात आणि यात फरक कसला? दुसरा आक्षेप खर्चाचा. ज्या संस्थेला वर्धापनदिनाची भेटवस्तू परवडते तिला स्टॅटिक आयपी परवडतो, याहून जास्त काही मी त्यावर बोलणार नाही. तिसरा आक्षेप असा की लोकांनी कार्यालयातच येऊन काम करावे. तसे म्हणणाऱ्यांनी त्या ताईंची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणावी. काम घरी जातच होते, फक्त कुणाच्या नजरेला पडत नव्हते.

मात्र या सोयीचा एक दुरुपयोग मला दिसू लागला आहे आणि त्याबद्दल मी अस्वस्थ आहे. घरून उघडते म्हटल्यावर रात्री अकराला फोन येतो: एवढे एक पत्रक पाठवून द्या. पूर्वी मर्यादा कुलपाची होती. कुलूप गेले तर वेळेची मर्यादा लेखी ठरवायला हवी. व्हीपीएनमध्ये ती घालता येते. त्या पतसंस्थेत आम्ही सकाळी सात ते रात्री नऊ एवढीच वेळ ठेवली आहे. त्यानंतर कुणाचेच लॉगिन चालत नाही, व्यवस्थापकांचेही नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. ताईंना पहिल्यांदा नोटिसांसाठी घरी घालवलेल्या तासांचा हिशोब देता आला, कारण नोंदवहीत तो होता, आणि पुढच्या महिन्यापासून त्यांना त्या तासांचा भत्ता मिळू लागला.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. लाभांश, नफावाटणी आणि सभागृहाबाहेरच्या चहापाण्यात त्या संपतात, हे मी सभासद म्हणून दरवर्षी अनुभवतो. यंदाच्या सभेत मी तीन प्रश्न लेखी देणार आहे: आपल्या संस्थेची माहिती कार्यालयाबाहेरून कितीजणांना उघडता येते, त्यांची नावे संचालक मंडळाने शेवटची कधी तपासली, आणि आपल्या दप्तराची दुसरी प्रत पुराच्या रेषेच्या वर आहे का. ज्यांच्या ठेवी अशा संस्थांत आहेत त्यांनी आपापल्या सभेत हेच विचारावे. सभेची नोटीस आली की ठरलेल्या मुदतीत प्रश्न कार्यालयात नेऊन द्यावेत आणि पोच घ्यावी.